महिन्याचं पुस्तक आणि कापलेली पानं

पुस्तक चांगलं की वाईट, हे समीक्षक सांगतात. त्याच्याही आधीचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. पुस्तक निवडलं कुणी? कुणासाठी निवडलं? आणि निवडताना त्यातलं काय बाहेर ठेवलं?

आपल्याकडं ठिकठिकाणी वाचन मंडळं चालतात. कुठं विहारात, कुठं वसतिगृहाच्या खोलीत, कुठं समाजमंदिराच्या ओट्यावर. महिन्याला एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि मग गोल बसून बोलायचं. ही गोष्ट चांगलीच आहे, तिची टर उडवायची नाही. पण महिन्याला एक पुस्तक ही रीत ज्या देशात मोठा धंदा होऊन वाढली, त्या अमेरिकेत रिचर्ड राईट या काळ्या लेखकाच्या दोन पुस्तकांचं काय झालं ते कार्यकर्त्यांना ठाऊक असलं पाहिजे. कारण ते फक्त तिकडचं दुखणं नाही.

१९२६ साली न्यूयॉर्कला 'बुक ऑफ द मन्थ क्लब' निघाला. काढणाऱ्यांतला मुख्य माणूस हॅरी शेरमन, जाहिरातीच्या धंद्यात मुरलेला. पुस्तकांची दुकानं शहरात, पण टपाल मात्र आडगावातही जातं, हे त्यानं हेरलं. मग पुस्तकं टपालानंच का विकू नयेत? अडचण एकच. साबण संपतो, गिऱ्हाईक परत येतं. पुस्तक काही संपत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला महिन्याच्या महिन्याला बांधून ठेवायचं, तर त्याला सांगायला पाहिजे की बाबा, हजारो पुस्तकांतून तुझ्यासाठी हे एक आम्ही निवडलंय. निवडणारे म्हणून पाच नामवंतांचं परीक्षक मंडळ बसवलं. प्राध्यापक हेन्री सायडेल कॅन्बी अध्यक्ष. डोरोथी कॅनफिल्ड फिशर या कादंबरीकार बाई, बाकी लेखक आणि पत्रकार. सगळे गोरे. पहिलं पुस्तक गेलं ४,७५० सभासदांना. पुढं चाळीसच्या दशकात सभासदांचा आकडा लाखांत गेला.

धंद्याची मेख इथं होती. पुढच्या महिन्याचं पुस्तक सभासदाला अगोदर कळवायचं. नको असेल तर त्यानं उलट टपाली तसं लिहायचं. काहीच लिहिलं नाही तर पुस्तक दारात आणि मागं बिल. म्हणजे सभासद गप्प बसला की तो होकार. क्लब जगायचा तो या गप्प बसण्यावर. सभासद ज्या पुस्तकावर दचकून नकार लिहून पाठवील, असं पुस्तक क्लबला परवडणारं नव्हतं. म्हणून परीक्षक हस्तलिखित वाचायला बसला की त्याच्या डोळ्यासमोर एक सभासद असायचा. गोरा, मध्यमवर्गीय, दिवाणखान्यात खुर्ची टाकून बसलेला, बायकापोरं घरात असलेला. हा काय म्हणील? वाचकाची प्रतिक्रिया पुस्तक वाचल्यावर येते, असं आपण समजतो. इथं ती पुस्तक छापायच्या आधी आली आणि पुस्तकातच शिरली.

आता राईट. जन्म १९०८, मिसिसिपी राज्यात, नॅचेझजवळ. आजा-आजी गुलामगिरीत जन्मलेले. बाप सोडून गेलेला, आई आजारी, पोटात भूक कायमची. शाळा तुकड्या-तुकड्यानं. १९३८ साली त्याचा 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' हा कथासंग्रह निघाला. त्याचं कौतुक झालं. पण राईट खूश नव्हता. पुढं 'हाऊ बिगर वॉज बॉर्न' या १९४० च्या लेखात त्यानं त्याचं कारण सांगितलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं – बँकवाल्यांच्या पोरीसुद्धा ते पुस्तक वाचून रडल्या आणि रडून मोकळ्या झाल्या. म्हणून त्यानं ठरवलं, पुढचं पुस्तक इतकं कठीण लिहायचं की वाचणाऱ्याला रडण्याची सोयच उरू नये.

हे वाक्य प्रत्येक दलित लेखकानं स्वतःशी घोकावं अशा किमतीचं आहे. दुःख विकलं जातं. दुःखाला गिऱ्हाईक आहे. वाचणारा दोन टिपं गाळतो, त्याच्या मनाची धुलाई होते आणि तो दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो. राईटला हे गिऱ्हाईक नको होतं.

त्यानं लिहिली 'नेटिव्ह सन'. शिकागोच्या काळ्या वस्तीतला वीस वर्षांचा बिगर थॉमस. एका खोलीत आई, भाऊ, बहीण आणि घूस. त्याला डाल्टन नावाच्या गोऱ्या श्रीमंताकडं ड्रायव्हरची नोकरी लागते. हा डाल्टन काळ्यांच्या संस्थांना लाखांनी देणग्या देतो, त्यांच्या पोरांसाठी टेबल-टेनिसची टेबलं देतो. आणि बिगरचं कुटुंब ज्या घुशींच्या खोलीत भाडं भरतं, ती खोलीही याच डाल्टनच्या कंपनीची! देणगी आणि भाडं एकाच खिशातलं. डाल्टनची पोरगी मेरी दारू पिऊन झिंगलेली असते. बिगर तिला उचलून खोलीत नेतो. तिची आंधळी आई दारात येते. काळा माणूस गोऱ्या पोरीच्या खोलीत सापडला तर काय होईल, या भीतीनं तो तिच्या तोंडावर उशी दाबतो. पोरगी मरते. तो प्रेत भट्टीत घालतो. मग पळणं, स्वतःच्या मैत्रिणीचा, बेसीचा, खून, अटक, खटला आणि मृत्युदंड.

असं पुस्तक क्लबनं घेतलं, हे धाडसच म्हणावं लागेल. काळ्या लेखकाचं पुस्तक निवडण्याची क्लबची ही पहिलीच वेळ. मार्च १९४० मध्ये पुस्तक बाहेर पडलं आणि तीन आठवड्यांत दोन लाखांवर प्रती खपल्या. हे श्रेय क्लबला दिलं पाहिजे. पण घेताना अट होती. काही पानं बदला.

कोणती पानं? एक म्हणजे सिनेमागृहातला प्रसंग. राईटनं आधी लिहिलं होतं ते असं – बिगर आणि त्याचा मित्र सिनेमागृहात अंधारात बसून हस्तमैथुन करतात. पुढं पडद्यावर बातमीपट लागतो आणि त्यात फ्लोरिडाच्या समुद्रकाठी मौज करणारी श्रीमंताची पोरगी दिसते. ती मेरी डाल्टन. हा प्रसंग घाणेरडा म्हणून गेला. त्याच्या जागी दुसरा, सौम्य प्रसंग आला. आणि दुसरी म्हणजे मेरीच्या खोलीतली पानं. मूळ लिखाणात मेरीसुद्धा झिंगेत बिगरकडं ओढली जाते. ते पुसट केलं गेलं. वकील मॅक्सचं कोर्टातलं भाषणही छाटलं.

वरवर बघितलं तर, गेली चार अश्लील वाक्यं, काय बिघडलं? सगळंच बिघडलं. मूळ पुस्तकात मेरीचं चित्र बिगरला आधी पडद्यावर दाखवलं जातं. गोऱ्यांचा सिनेमा काळ्या पोराला तिकीट घेऊन गोरी पोरगी दाखवतो. तिच्याकडं बघायचे पैसे त्याच्याकडून घेतो आणि खरोखर बघितलं तर त्याला जाळायला निघतो. व्यवस्थेचा हा दुटप्पीपणा त्या एका प्रसंगात होता. तो काढला की बिगरची वासना अशीच आकाशातून पडलेली वाटते. त्यात मेरीची ओढही पुसली. म्हणजे गोरी पोरगी शुद्ध राहिली आणि काळ्या पोराच्या मनातच काय ते पाप होतं, असं झालं. काळ्यांना झाडाला टांगणारा जमाव तरी दुसरं काय म्हणत होता?

आणि बघा, काय राहिलं ते. बिगर बेसीवर बळजबरी करतो आणि मग तिला विटेनं ठेचून मारतो. बेसी काळी आहे, गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी-स्वैपाक करणारी. हे पान राहिलं. गोऱ्या बाईची इच्छा दिवाणखान्यात चालली नाही. काळ्या बाईवरचा अत्याचार चालला. राईटनं पुढं कादंबरीतच दाखवलंय की कोर्टात बेसीचं प्रेत आणलं जातं ते फक्त मेरीच्या खुनाचा पुरावा म्हणून. तिच्या स्वतःच्या खुनाला किंमत नाही. पुस्तकातल्या कोर्टानं जे केलं तेच पुस्तकाच्या परीक्षकांनी केलं. कुणाची अब्रू झाकायची आणि कुणाची उघडी ठेवायची, हे जातच ठरवते. तिकडं कातडी, इकडं जात.

या आवृत्तीला प्रस्तावना होती फिशरबाईंची. बाई वाईट नव्हत्या. उदार मताच्या, शिक्षणासाठी झटलेल्या. त्यांनी प्रस्तावनेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा दाखला दिला. मेंढ्या-उंदरांना कोंडीत पकडून वेडंपिसं कसं करतात, ते शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. अमेरिकन समाज काळ्या तरुणांना असंच करतोय, असा त्यांचा मुद्दा. हेतू सहानुभूतीचा. पण ज्याला माणूस म्हणून उभं करायला राईटनं एवढं रक्त आटवलं, त्याची ओळख वाचकाला पहिल्याच पानावर उंदराच्या शेजारी बसवून झाली! सहानुभूतीसुद्धा माणसाला खाली ढकलू शकते. आपल्याला हा अनुभव नवा नाही.

पाच वर्षांनी दुसरं पुस्तक. राईटनं आत्मकथन लिहिलं. नाव 'अमेरिकन हंगर'. दोन भाग. पहिल्या भागात दक्षिण – मिसिसिपी, भूक, मार, भीती, आणि शेवटी उत्तरेकडं जाणारी आगगाडी. दुसऱ्या भागात उत्तर – शिकागो. जिथं कायद्यानं काळा माणूस मोकळा होता, त्या शहरातलं जिणं आणि कम्युनिस्ट पक्षातले अनुभव.

१९४४ मध्ये क्लबनं कळवलं, आम्हाला पहिला भाग पाहिजे. दुसरा नको.

राईटनं मान्य केलं. मार्च १९४५ मध्ये अर्धंच पुस्तक 'ब्लॅक बॉय' या नावानं लोकांच्या हाती गेलं आणि लाखांनी खपलं. मिसिसिपीचा सिनेटर बिल्बो यानं सिनेटमध्ये उभं राहून ते घाणेरडं पुस्तक म्हणून शिव्या घातल्या. म्हणजे अर्ध्या पुस्तकातही दम होता. पण अर्धं कापल्यानं अर्थ काय झाला? पोरगा दक्षिणेच्या नरकात जन्मतो, सोसतो आणि शेवटी आगगाडीत बसून उत्तरेला निघतो. पुस्तक संपलं. वाचणारा उत्तरेतला. तो म्हणणार, बरं झालं, पोरगं आमच्याकडं आलं, सुटलं! दोष दक्षिणेचा, आपण निर्दोष. क्लबच्या दिवाणखान्याला शेवट गोड लागला.

फिशरबाईंना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी पत्रं लिहून राईटला सुचवलं, की या अंधारात तुला आशा कुठून मिळाली ते लिही, अमेरिकेच्या आदर्शांची, चांगल्या गोऱ्यांची काही कबुली दे. राईटनं शेवट वाढवून दिला, पण श्रेय दिलं ते पुस्तकांना. आणि ही पुस्तकं त्याला कशी मिळाली होती? मेंफिस शहरात ग्रंथालय काळ्यांना बंद. राईट एका चष्म्याच्या कारखान्यात हरकाम्या. तिथल्या एका गोऱ्या कामगाराकडून त्यानं ग्रंथालयाचं कार्ड मागून घेतलं. मग त्या गोऱ्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहिली, की या काळ्या पोराजवळ अमुक पुस्तकं द्या. चिठ्ठीत स्वतःसाठी गोरे वापरतात ती शिवीसुद्धा लिहिली, म्हणजे बाईला संशय यायला नको. स्वतःला शिवी लिहून पुस्तक मिळवलं! ज्याला वाचनासाठी हे करावं लागलं, त्याच्याकडं अमेरिकेनं आभाराची चिठ्ठी मागावी? राईटनं ती दिली नाही, हा त्याचा मोठेपणा.

कापलेल्या भागात काय होतं, ते थोडं सांगतो. शिकागोतल्या एका खाणावळीत गोरी स्वैपाकीण पातेल्यात थुंकते, आणि काळ्यांनी सांगितलं तर मालकीण विश्वास ठेवील का, ही धास्ती. एका मोठ्या इस्पितळात राईट झाडलोट करतो. तिथं प्रयोगासाठी कुत्री ठेवलेली. त्यांच्या ओरडण्याचा रोग्यांना त्रास नको म्हणून डॉक्टर त्यांच्या गळ्यातल्या आवाजाच्या तारा कापतात. शुद्धीवर आलेली कुत्री माना वर करतात, तोंडं वासतात आणि आवाज येत नाही. राईटनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट. प्रयोगाच्या प्राण्यांवर फिशरबाईंनी प्रस्तावनेत लिहिलं आणि प्रयोगाच्या प्राण्यांवर राईटनं लिहिलेलं पान मात्र छाटलेल्या भागात गेलं. यापुढं समीक्षकानं बोलायची गरज नाही.

राईट १९६० च्या नोव्हेंबरात पॅरिसला वारला. दुसरा भाग पूर्ण पुस्तक म्हणून निघाला १९७७ साली. दोन्ही भाग एकत्र, आणि 'नेटिव्ह सन'ची कापलेली पानं जागच्या जागी, असं निघायला १९९१ साल उजाडलं. म्हणजे बाल्डविनसारख्या मोठ्या काळ्या लेखकानं १९४९ पासून राईटवर जी कडक टीका केली, ती ज्या पुस्तकावर केली ते कापलेलं होतं. पन्नास वर्षं लोक भांडले, अर्ध्या कागदावर भांडले.

आता काही जण म्हणतील, राईट विकला गेला. असं म्हणायची घाई करू नये. लेखणीवर पोट असलेला माणूस, आणि लाखो घरांत शिरायची एकच वाट, त्या वाटेवर पहारेकरी. शिवाय कापलेल्या भागातला पक्षाचा अनुभव त्यानं १९४४ मध्येच 'अटलांटिक मन्थली' मासिकात दोन हप्त्यांत छापून टाकला होता. तो गप्प बसला नव्हता. आणि हेही लक्षात ठेवा की कात्री फक्त गोऱ्या दिवाणखान्याच्या हातात नव्हती. पक्षातल्या त्याच्या जुन्या सोबत्यांनाही बिगर पसंत नव्हता. त्यांना लढाऊ, संघटित, उजळ चेहऱ्याचा काळा कामगार पाहिजे होता. १९४५ मध्ये ड्यू बॉईस यांनी 'ब्लॅक बॉय'चं परीक्षण केलं, तेही नाराजीचं. काळ्यांच्या जगण्यात इतका अंधार, इतकी शुष्कता, एकही धड माणूस नाही, हे त्यांना पटलं नाही. त्यांचा आक्षेप प्रामाणिक होता. पण आक्षेप वेगळा आणि कात्री वेगळी. ड्यू बॉईस यांनी पुस्तक वाचून आपलं मत छापलं. पान काढून टाका, असं म्हटलं नाही. वाचन मंडळानं हा फरक पाठ करावा.

कात्रीपुढं दुसरं काय करता येतं, याचा दाखला आपल्या घरात आहे. १९३६. लाहोरचं जात-पात-तोडक मंडळ. त्यांनी बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण हातात पडल्यावर त्यांना घाम फुटला. वेदांवरचं, धर्म सोडण्यावरचं तेवढं गाळा, बाकी उत्तम आहे. हे मंडळही वाईट माणसांचं नव्हतं. जात मोडायची म्हणणाऱ्या सुधारकांचंच होतं. त्यांच्याही डोळ्यासमोर त्यांचे सभासद होते, ते काय म्हणतील! बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा हलवायला नकार दिला. परिषद झाली नाही. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, पंधराशे प्रती. राईटला लाख वाचक मिळाले, अर्ध्या पुस्तकासह. बाबासाहेबांना सुरुवातीला पंधराशे मिळाले, अख्ख्या पुस्तकासह. पुढं आज त्या पुस्तकाच्या प्रती मोजता येत नाहीत. राईटला कमी लेखायला हे सांगत नाही. आपली पानं आपण छापायची सोय असली तर माणसाला नाही म्हणता येतं, एवढंच सांगायचंय. आपले अंक फाटके असतील, शाई पसरत असेल, पण ते का काढायचे याचं उत्तर इथं आहे.

आता आपल्याकडं येऊ.

१९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' निघालं. काढलं ग्रंथालीनं. ग्रंथाली ही वाचकांची चळवळ म्हणून उभी राहिलेली, सभासदांच्या बळावर पुस्तकं काढणारी संस्था. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये तिनंच काढलं. ज्या घरांत महारवाड्याची वाट ठाऊक नव्हती, त्या घरांत ही पुस्तकं गेली. याचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण ती घरं पुस्तक वाचून काय म्हणाली? बरेच जण हेलावले. भाषणं झाली, सत्कार झाले, पारितोषिकं मिळाली. 'आम्हाला कल्पनाच नव्हती हो!' गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातचं पाणी न पिणाऱ्याला कल्पना नव्हती म्हणे! हीच ती बँकवाल्याची पोरगी. तिला गावातलं दुःख चालतं. मेलेलं जनावर, येसकरपाळी, शिळी भाकर चालते. ते दूर आहे, जुनं आहे. पण 'बलुतं'मधला मुंबईचा भाग? कावाखान्यातली खोली, शिकलेल्या दलिताचं ऑफिसातलं, मनातलं तुटलेपण? त्यावर भाषण करताना कुणाची जीभ सैल होत नाही. कारण ते ऑफिस त्यांचं आहे. उत्तर आणि शिकागोच आहे ते.

मुलांच्या पाठ्यपुस्तकात दलित आत्मकथनाचा तुकडा आला की तो कोणता आला, हे तपासून बघा. बालपण, भूक आणि शिकायची जिद्द असलेला असेल, तर समजा की पोरगं आगगाडीत बसल्यावर पुस्तक मिटलंय.

पण दुसऱ्याच्या दिवाणखान्याकडं बोट दाखवून आपली सुटका नाही. 'बलुतं' आलं तेव्हा सर्वांत जास्त चिडले कोण? आपलेच. शिकलेले, फ्लॅटमध्ये गेलेले, आडनाव बदललेले. हा उकिरडा कशाला उकरायचा? आमच्या पोरांची लग्नं व्हायचीत! पवारांवर आरोप झाला की त्यांनी समाजाची लाज वेशीवर टांगली. म्हणजे त्यांनी दुःख लिहिलं तर पांढरपेशांनी रडून घेतलं आणि आपल्यांनी तोंड फिरवलं. दोघांनाही अर्धंच पुस्तक पाहिजे होतं. फक्त अर्धं कोणतं, एवढाच फरक.

आणि बायांच्या पुस्तकांचं काय करतो आपण? बेबीताई कांबळे फलटणच्या. दुकानात सामान बांधायला आणलेली रद्दी वाचून त्यांनी वाचनाची भूक भागवली. लिहिलेलं वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. राईटनं गोऱ्या ग्रंथपालबाईच्या डोळ्यात धूळ टाकली. बेबीताईंना आपल्याच घरात लपवावं लागलं. हे दोन दाखले शेजारी ठेवा आणि विचार करा, कोणता जास्त बोचतो? 'जिणं आमचं' १९८६ मध्ये पुस्तक म्हणून आलं. त्यात बाबासाहेबांनी माणसं कशी उभी केली ते आहे. तेवढी पानं आपण जयंतीला मोठ्यानं वाचतो. त्याच पुस्तकात सुनांचे हाल आहेत. कोवळ्या पोरीला मध्यरात्री जात्यावर बसवणाऱ्या सासवा आहेत. नवऱ्यानं बायकोचं नाक कापल्याच्या हकिकती आहेत. आणि शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या लोकांनी समाजाकडं पाठ फिरवली, हा बेबीताईंचा सडेतोड सवाल आहे. ही पानं किती मंडळांत मोठ्यानं वाचली जातात? उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. त्यात चळवळीत भाषण ठोकून घरी आलेला पुरुष बायकोच्या शिकण्या-लिहिण्याकडं कसा बघतो, ते आहे. अशा पुस्तकाचा महिना आपल्या यादीत केव्हा येतो? आठ मार्चच्या आसपास? मग उरलेले अकरा महिने कुणाचे?

मंडळात कोण बोलतं, हेही बघा. दोन-तीन पोरं, ज्यांना भाषणाची सवय आहे, ती बोलतात. पुस्तक थोर आहे, प्रत्येकानं वाचलं पाहिजे, जयभीम. बाकीचे माना हलवतात. ज्याला पुस्तक आवडलं नाही तो गप्प. ज्या बाईला एखादं पान वाचून राग आला तीही गप्प. आणि आपण धरून चालतो की सगळ्यांना पटलं. मौन म्हणजे होकार! शेरमनच्या क्लबचा धंदा याच हिशेबावर चालला होता. आपल्याला कुणाला बिल पाठवायचं नाही, मग आपण तोच हिशेब का धरावा?

तर करायचं काय? चार गोष्टी सुचवतो. यापेक्षा चांगल्या कुणाला सुचल्या तर त्यांनी लिहावं, पानं मोकळी आहेत.

पहिली. पुस्तक निवडायचं काम दर महिन्याला वेगळ्या माणसाकडं द्या. गिरणीत गेलेला म्हातारा असेल, दहावीची पोरगी असेल, रात्रपाळीचा वॉचमन असेल. अध्यक्ष-सचिवांनी बारा महिने निवडलं की ते परीक्षक मंडळच होतं.

दुसरी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी मोठ्यानं वाचा, आणि अख्खं वाचा. वाचणाऱ्याची जीभ जिथं अडखळते, जे पान सोडून पुढं जावंसं वाटतं, तिथं खूण करा. चर्चा त्या पानापासून सुरू करा. पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या उताऱ्यापासून नको.

तिसरी. 'आवडलं का?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, यात आपण कुठं आहोत? सोसणाऱ्यात की सोसायला लावणाऱ्यात? महार पोरांनी 'उपरा' आणि 'उचल्या' वाचताना हा प्रश्न टाळू नये. पुरुषांनी 'जिणं आमचं' वाचताना टाळू नये. ज्यांचं गाव सुटून पक्कं घर झालंय त्यांनी 'बलुतं'चा दुसरा भाग वाचताना टाळू नये.

चौथी. आक्षेप घ्या, भांडा, पुस्तक आपटा हवं तर. राईटवर काळ्यांनी केलेली टीका त्याच्यावरच्या गोऱ्या कौतुकापेक्षा जास्त कामाची होती, कारण ती घरातली होती. पण 'हे छापायला नको होतं' हे वाक्य मंडळात उच्चारू नका. ज्या समाजाला अक्षराची बंदी होती त्याच्या तोंडी ते शोभत नाही.

१९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांना पाहिजे होती. अस्पृश्यांचा आणि काळ्यांचा प्रश्न किती जवळचा आहे, हे त्यांनी त्यात नोंदवलं होतं. प्रत मागितली ती कशासाठी, तर आपल्यालाही काही करता येईल का, ते बघण्यासाठी. दुसऱ्याचं लिखाण असं वाचायचं असतं, कामासाठी. पुढं १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं तेही ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. ही नाळ जुनी आहे.

म्हणून येत्या महिन्यांत एका बैठकीला राईट घ्या. इंग्रजी जमणाऱ्यानं वाचून बाकीच्यांना मराठीत सांगावं. पण बाजारातून प्रत आणताना नीट बघा, दुसरा भाग आहे की नाही. मेंफिसची आगगाडी सुटली आणि पुस्तक संपलं असेल, तर ती प्रत परत करा आणि अख्खी मागा.